शांताकाकूंच्या सुपासमोर

जवाहरनगरच्या आमच्या हौशी मंडळाचं नाटक वर्षातून एकदाच होतं, पण ऑडिशनच्या रविवारी वर्षभर पुरतील एवढे किस्से जमतात. कोणी लिहून ठेवत नाही. चहाला बसलो की आपोआप निघतात.

करडी गावचे वामनभाऊ धानाची शेती करतात आणि पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत मुरलेले. तिथे प्रॉम्टर प्रत्येक वाक्य आधी हळूच सांगतो. आमच्याकडे पहिल्यांदा आले, मधोमध उभे राहिले आणि गप्प.

"भाऊ, सुरू करा."

"प्रॉम्टर तं बसू द्या."

"पाठ करून यायचं होतं ना?"

"मीच पाठ केलं, तं त्यानं काय करावं?"

शेवटी एकाला पुस्तक देऊन बसवलं. मग वामनभाऊंनी असा सरपंच उभा केला, की भूमिका प्रॉम्टरसकट देऊन टाकली.

मंडळातला मोरेश्वर फॅक्टरीच्या बसमध्ये पाठांतर करतो. बाप गेल्याचं भाषण त्यानं खिडकीशी बसून इतकं मन लावून म्हटलं, की संध्याकाळी बसमधले चौघे त्याच्या क्वार्टरवर भेटायला आले.

"कोण गेलं?" वहिनींनी घाबरून विचारलं.

"तुमचे सासरे ना?"

आतून सासरे म्हणाले, "मी अजून जेवलो बी नाही."

यंदा आईची भूमिका रिकामी होती. ती माझी बायको सुमन करायची. तिला जाऊन वर्ष होत आलं. एके दिवशी आमची नयना म्हणाली, "बाबा, मी देतो ऑडिशन. पण तुम्ही डायरेक्टर असले तरी निवडायले बसू नका. लोक म्हणतील, बापानं दिलं." सराव स्वयंपाकघरात, दार लावून, कुकरच्या शिट्ट्यांत.

निवड शांताकाकूंवर सोपवली. मंडळाचे कपडे त्याच शिवतात. कात्री आणि जीभ दोन्ही धारदार. ऑडिशनला त्या सुपात तांदूळ घेऊन बसतात आणि निवडता निवडता ऐकतात. हात थांबला तर भूमिका पक्की. नाही थांबला तर मान वर न करता म्हणतात, "पुढचा."

मी बाहेर पायरीवर बसलो.

"आईसारखं करून दाखव," आतून काकूंचा आवाज आला.

"आईचं आईनं केलं, काकू. मी माझं करतो."

मुलीला सासरी पाठवणाऱ्या आईचा प्रवेश होता. आवाज सुमनचा नव्हताच. मी ताठ बसून ऐकत होतो. प्रवेश संपला. आतून "पुढचा" ऐकू आलं नाही.

थोड्या वेळानं काकू बाहेर आल्या आणि सूप माझ्या मांडीवर ठेवलं.

"उरलेले तू निवड. मले दिसून नाही राहिलं."