खंडेनवमीचा भरलेला बार

बंदूक घेऊन कुणीही दारात आलं की गोदाकाकी पाण्याच्या तांब्याआधी स्वतःचा हात पुढे करत. बंदूक मागून घेत, नळी आभाळाकडे धरत आणि तिच्यात लोखंडी गज सोडत. गज तळाला जाऊन खणकन वाजला की बंदूक रिकामी. तो चार बोटं वर राहिला आणि आवाज बद्द आला, की आत दारू आणि छर्रे. "अवो काकी, रिकामीच हाय!" असं कुणी हसून म्हणालं, तर त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "रिकामी हाय म्हनणाऱ्याचीच आधी बघावी. भरलेली हाय म्हनणारा निदान जपून तरी धरतो."

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मी बी.ए. होऊन अलिबागजवळ थळच्या शाळेत मास्तर म्हणून आलो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं. वडील पेणला गणपतीच्या कारखान्यात माती मळत. परक्या गावात मला राहायला जागा दिली ती काकींनी, त्यांच्या नारळ-सुपारीच्या वाडीतली एक खोली. नवरा गेल्यापासून वाडीचा सगळा कारभार त्या एकट्या बघत. दुपारी जेवायला बसलो की वाढताना म्हणत, "मास्तर, भात अजून घ्या. उपाशी मास्तर पोरांवर हात उगारतो." मी कधी पोरांना मारलं नाही. त्याचं निम्मं श्रेय काकींच्या भाताला आहे.

डोंगराकडून रानडुकरं उतरत आणि सुरणाचे वाफे उकरून ठेवत, म्हणून वाड्यांमध्ये ठासणीच्या बंदुका असत. नळीच्या तोंडातून दारू घालायची, वर काथ्याचा बोळा ठासायचा, मग छर्रे, मग पुन्हा बोळा. चापाच्या वर लोखंडी घोडा. तो मागे ओढून ठेवायचा, चाप दाबला की तो केपेवर, म्हणजे तांब्याच्या इवल्याशा टोपीवर, आपटतो आणि बार उडतो. भरायला सोपी, रिकामी करायला कटकटीची. त्यात शिकाऱ्यांची एक समजूत होती. डुकराच्या नावाने भरलेला बार हवेत सोडायचा नाही, सोडला तर डुक्कर पुन्हा त्या वाटेने येत नाही. त्यामुळे डुक्कर आलं नाही की बंदूक तशीच भरलेली घरी येई आणि खुंटीवर लटके. काकी यावर चिडत. "डुकराला कळतं व्हय, कुणाच्या नावाचा बार हाय त्यो? बंदुकीला तरी कळतंय का?"

दर खंडेनवमीला साऱ्या आळीची हत्यारं काकींच्या ओटीवर पूजेला येत. त्या वर्षीही पाटावर कोयते, कुऱ्हाडी, नारळ सोलायची पहार आणि दोन बंदुका मांडल्या होत्या. एक काकींची. दुसरी, आखूड नळीची, त्यांचा पुतण्या पांडू याची. काकी आत नैवेद्याच्या गडबडीत असताना तो ती ठेवून आंघोळीला गेला होता. दस्ते भिंतीकडे, नळ्या अंगणाकडे. अंगणात माझ्या शाळेची पंधरा-वीस पोरं प्रसादासाठी मांडी घालून बसली होती. हत्यारांना हार घालायचं काम पांडूची नवी बायको सुमन हिच्याकडे होतं. बिचारी मुंबईत वाढलेली. झेंडूची एकच लांब माळ तिने सगळ्या हत्यारांवरून फिरवली होती.

काकी नैवेद्याचं ताट घेऊन बाहेर आल्या आणि थांबल्या. मी खांबाशी उभा होतो. त्यांची नजर गेली तिकडे मीही बघितलं. पांडूच्या बंदुकीचा घोडा मागे ओढलेला होता. खाली केप चमकत होती. माळ अडकवायला खुंटी हवी म्हणून सुमनने तो ओढला होता, आणि माळेचा दोरा चापाच्या पुढून घेऊन शेजारच्या कोयत्याला बांधला होता. कुणी कोयता उचलला असता, तरी पुरे होतं.

मी ओरडणार होतो. काकींनी मान न वळवता म्हटलं, "मास्तर, गप." मग नेहमीच्या आवाजात, "पोरांनो, परसाद मागल्या दारी मिळंल. उठा, मागल्या दारी जा."

पोरंच ती. एकमेकांना ढकलत, हसत, रेंगाळत बसली. "काकी, गूळ हाय का पेढा?" एकाने विचारलं.

"आधी जाईल त्याला पेढा," असं म्हणत काकींनी ताट खाली ठेवलं आणि पूजेला बसावं तशा पाटासमोर बसल्या. पुढे वाकून त्यांनी डाव्या हाताची करंगळी घोडा आणि केपेच्या मधे घातली. उजव्या अंगठ्याने घोडा धरला. "मास्तर, पेन्सिल तासायचं पातं हाय ना तुमच्या खिशात? बाजूनं या. दोरा कापा. ओढू नका, नुसता कापा."

मी बाजूने गुडघ्यावर बसलो आणि पातं दोऱ्याला लावलं. दोरा तुटला. काकींनी हलकेच चाप दाबला आणि घोडा खाली सोडायला लागल्या. पण सुमनने त्याला तेल-कुंकू लावलं होतं. अंगठा निसटला. घोडा आपटला तो करंगळीवर.

बार झाला नाही. काकींच्या तोंडून फक्त "आगाई" एवढंच निघालं. घोडा पुन्हा उचलून त्यांनी रक्ताळलेल्या बोटांनी केप काढली आणि तुळशीवृंदावनात टाकली.

पांडू ओल्या डोक्याने धावत आला. काय झालं ते कळल्यावर म्हणाला, "झाला न्हाय ना बार? मग काकी, येवढं काय!"

"बस," काकी म्हणाल्या. "नळीत पाणी वत. दारू भिजू दे. मग बोळं काढ."

"आधी बोट तरी बांधा."

"तू आधी काढ."

गजाच्या टोकाला मळसूत्र लावून पांडूने एकेक बोळा ओढून काढला. नळी कलती केली तसे छर्रे पूजेच्या तबकात टपटप पडले, वाटाण्याएवढे. अंगणातली जागा आता रिकामी होती. पांडूने एकदा तबकाकडे बघितलं, एकदा त्या जागेकडे, आणि हातातली बंदूक खाली ठेवली. सुमन दाराआड रडत होती. काकी तिला म्हणाल्या, "तू रडू नको गो. तुला कुणी सांगितलंच न्हाय, त्यात तुझी काय चूक?"

अलिबागेला नेऊन बोटाला टाके घातले. नख कायमचं गेलं. आळीत त्या बोटाची गोष्ट झाली. जो तो येऊन करंगळी बघून जाई. मलाही त्या बोटाचंच नवल वाटत होतं.

दोन-चार दिवसांनी सकाळी ओटी सारवलेली बघताना एकदम माझ्या ध्यानात आलं. काकी सुपाऱ्या निवडत होत्या. मी म्हटलं, "काकी, मला तुम्ही बाजूने बोलावलंत. तुम्ही मात्र समोर बसलात. नळी तुमच्या पोटाला लागली होती."

"व्हय."

"बाजूने बसता आलं असतं की!"

"आलं असतं," काकी म्हणाल्या. "पन पोरं उठली न्हवती अजून." एक किडकी सुपारी त्यांनी बाजूला टाकली. "छर्रा मानसाच्या पल्याड जात न्हाय, मास्तर."