विहीर साफ केली, पण पाणी प्यालो नाही

मित्रांनो, दर्यापूरकडच्या एका गावाहून आत्ताच राजापेठेत घरी आलो आणि नुसता बसून आहे. चूक माझीच आहे, म्हणून लिहितोय.

पुराचं पाणी त्या गावाच्या विहिरीत शिरलं होतं. आम्ही चार मित्रांनी मोटर लावून विहीर उपसली, गाळ काढला, ब्लीचिंग पावडर टाकली. पाण्याच्या तपासणीचा अहवाल चांगला आला, तेव्हा गेल्या आठवड्यात मीच चौकात ओरडून सांगितलं, "आता बिनधास्त प्या!"

त्याच दिवशी विहिरीजवळ राहणाऱ्या कमलाकाकूंनी मला त्या पाण्याचा पेला आणून दिला. "नको काकू, आहे माझ्याजवळ," म्हणत मी बॅगेतली विकतची बाटली काढली. सवयीनं. दारादारात बाया उभ्या होत्या, सगळ्यांनी पाहिलं.

आज गेलो तर विहिरीवर कोणीच नाही. सगळे नाल्याकाठच्या हापशीचं पाणी भरून राहिले, जी पुरात बुडाली होती आणि अजून कोणी साफ केली नाही. काकूंचे यजमान जुलाबानं दर्यापूरच्या दवाखान्यात भरती आहेत.

"काकू, विहिरीचं काहून नाही पेत?" मी त्यांच्या दारात जाऊन विचारलं.

"तुमीच नाही पेले, भाऊ. आमाले वाटलं, पाण्यात काहीतरी असनच."

मी लगेच विहिरीतून बादलीभर पाणी काढून ओंजळीनं प्यालो. काकू म्हणाल्या, "आता पेऊन काय करता?"

उद्यापासून रोज तिथं जाऊन सगळ्यांसमोर तेच पाणी पिणार आहे. कोणी सोबत येता का? येणार असाल तर बाटली घरी ठेवून या.