मामांची किल्ली पुसताना

सगळ्या जगावर माया करून त्यातल्या एकावरही विश्वास न ठेवणारा माणूस मी एकच पाहिला: माझ्या बायकोचे मामा. शाहूपुरीतल्या आमच्या दूध संघाचा सर्व्हर ते सांभाळत आणि मी त्यांच्या हाताखाली चुका करी. शिवाजी पेठेतल्या त्यांच्या घराची कडी वाजवली की आतून "कोण?" येई. "मी" म्हटलं तर, "मी तर सगळीच असत्यात. नाव सांगा की, पावणं!" नाव सांगूनही खिडकीतून तोंड बघूनच दार उघडे, मग मात्र जेवल्याशिवाय सुटका नसे. सर्व्हरपाशीही हीच रीत. तो दूर पुण्यातल्या कुठल्याशा थंडगार खोलीत. मामांनी त्याला कधी डोळ्यांनी पाहिलेलंही नव्हतं. लांबून आत शिरायचा माझा पासवर्ड म्हणजे बायकोचं नाव. "भाचीचं नाव व्हय? मी पयल्या झटक्यात आत गेलो की!" म्हणत मामांनी पासवर्डच बंद केले आणि आम्हा दोघांपुरत्या किल्ल्या केल्या. किल्ली म्हणजे ज्याच्या त्याच्या लॅपटॉपमधली गुप्त फाईल. तिची जोडी सर्व्हरवर असेल तरच आत प्रवेश. नोकरी सोडणाऱ्याची जोडी त्याच दिवशी पुसायची, हा मामांचा कायदा.

मग मामाच निवृत्त झाले. त्यांची जोडी पुसायला माझा हात काही होईना. आज करू, उद्या करू. शेवटी एका दुपारी मामा लॅपटॉप काखेत मारून ऑफिसात हजर. "अजून आत घेतंय मला! लाज हाय का न्हाय? पुसा, माझ्या म्होरं!" डोळे भरले म्हणून की घाबरलो म्हणून, देव जाणे, पण मी पुसली ती माझीच किल्ली. आता काही बिघडलं तर सर्व्हर ज्याला आत घेईल असा एकच माणूस उरला, आणि तो निवृत्त होता.

"धन्य हाय तुमची, पावणं," एवढंच म्हणून मामा आपल्या लॅपटॉपवरून सर्व्हरात शिरले. माझी किल्ली परत बसवली, मला आत शिरून दाखवायला लावलं. मग आपली पुसायच्या आधी रेंगाळले. बाहेर उन्हाला सायीचा रंग आला होता. पडद्यावर गावोगावच्या दुधाचे आकडे सावकाश उमटत होते. "शाहूवाडीकडं पाऊस हाय वाटतं," मामा पुटपुटले, "तिकडचं दूध मागं पडलंय." ते दूध आलेलं दिसेपर्यंत मामा बसून राहिले. मग स्वतःची किल्ली पुसली, सर्व्हरातून बाहेर पडले, पुन्हा आत जाऊन पाहिलं. पडद्यावर नकार उमटला.

"आता कसं, ब्येस," मामा म्हणाले, आणि हळूच आणखी एकदा प्रयत्न करून पाहिला.