पर्मनंट कार्डाची चोरी

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, आणि त्यातले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. भोरमधल्या एका कार्डाची चोरी मात्र जशीच्या तशी लक्षात राहिली. तपास म्हणाल तर किरकोळ. गुन्हासुद्धा दाखल झाला नाही. नावं कुणाचीच सांगणार नाही. भोरमधले ओळखायचे ते ओळखतीलच, त्यांनीही तोंड बंद ठेवावं ही विनंती.

मी तेव्हा भोरला उपनिरीक्षक होतो, निवृत्ती जवळ आली होती. सकाळची हजेरी आटोपून बाहेर आलो तर ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर पस्तिशीची एक बाई उभी होती. तिला गहाळ दाखला हवा होता. मोबाईल, पाकीट, मार्कलिस्ट हरवलं की लोक येतात, अंमलदार नोंद घेतो, दाखला देतो आणि विषय संपतो. पण वस्तू हरवलेला माणूस सहसा स्वतःवर चिडलेला असतो. ही बाई चिडलेली नव्हती, घाबरलेली होती. मी तिला आत बोलावलं.

बाई भोरच्याच एका मुस्लिम कुटुंबातली, शिकलेली नर्स. लग्नानंतर कॅनडाला गेली, तिथे हॉस्पिटलात लागली. नवरा आणि लहान मुलगी तिकडेच होते. आईला अर्धांगवायूचा झटका आला म्हणून ती भोरला आली होती आणि बरेच महिने राहिली होती. त्या आधीही आईच्या आजारपणापायी तिच्या दोन मोठ्या खेपा झाल्या होत्या. आता पुढच्या आठवड्यात तिचं विमान होतं, आणि तिथल्या कायमच्या रहिवासाचं कार्ड कपाटातून नाहीसं झालं होतं.

मी म्हणालो, "कायमचा रहिवास आहे ना? मग कार्ड नवीन काढा. कायमचं ते कायमचं."

त्यावर ती कशीबशी हसली. मग तिने मला समजावलं. ते नाव तेवढं कायमचं. प्रत्यक्षात दर पाच वर्षांत ठरावीक दिवस त्या देशात राहिलंच पाहिजे, नाहीतर हक्क जाऊ शकतो. आईसाठी केलेल्या खेपांमुळे तिचे दिवस अगदी काठावर आले होते. या विमानाने गेली तर भरणार होते, लांबलं तर कमी पडणार होते. कार्डाशिवाय विमानात बसू देत नाहीत. बदली कागद मिळतो, पण त्याला वेळ लागतो, आणि तो देण्याआधी तिथले अधिकारी हेच दिवस मोजतात. "साहेब, हक्क गेला तर मुलगी तिकडे आणि मी इकडे," ती म्हणाली. 

मी विचारलं, कार्ड ठेवलं कुठे होतं? म्हणाली, पासपोर्टच्या आत. आणि पासपोर्ट? तो जागेवरच आहे. मी अंमलदाराला दाखला लिहायचं थांबवायला सांगितलं. पासपोर्टातून कार्ड आपोआप गळून पडत नाही.

चोरीची बातमी भोरमध्ये पसरायला चहाचा एक घोट पुरतो. दुपारीच माझ्या एका जुन्या खबऱ्याचा मार्गासनीहून फोन आला. बाईचा चुलतभाऊ टेम्पो चालवतो, पानशेतच्या हॉटेलांना भाजी पोचवतो. तो मार्गासनीला चहाच्या टपरीवर एका एजंटाला विचारत होता म्हणे, की बाहेरदेशाचं कार्ड कसं मिळतं आणि त्याला काय भाव आहे. खबर चांगली होती. पोरगा त्या घरात रोज जाऊन-येऊन असायचा. बाईच्या बॅगा तोलायला वजनकाटाही त्यानेच आणून दिला होता.

पानशेतहून परत येताना त्याला उचलला आणि ठाण्यात बसवला. बाकड्यावर नुसतं बसवून ठेवलं की निम्मी माणसं आपणहून बोलतात. हा बोलला, पण रडत नाही की गयावया करत नाही. मी आवाज चढवला तसा त्याने माझ्याकडे नीट पाहिलं.

"म्या इचारलं ते माज्यासाटी, साहेब. मला बी जायचंय तिकडं. आन् आपाच्या, माज्या भनीच्या, कार्डावर तिचा फोटू हाय. ते घिऊन म्या काय करू?"

आरोपीने बिनतोड प्रश्न विचारला की पोलिसाला राग येतो. मलाही आला. पण रागाने तपास पुढे सरकत नाही. कार्ड दुसऱ्या कुणाच्या उपयोगाचं नव्हतं. विकणाऱ्याने पासपोर्टही नेला असता. फक्त कार्ड कुणी नेलं असेल? ज्याला ते वापरायचं नव्हतं, बाईला वापरू द्यायचं नव्हतं त्याने. मी पोराला घरी सोडलं, सकाळी पुन्हा ये म्हणून बजावलं.

त्याच संध्याकाळी मी जागा पाहायला घरी गेलो. बाजाराच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या. आत बाई आईला चालवत होती. आईचा एक हात भिंतीला, दुसरा लेकीच्या खांद्यावर. प्रत्येक पावलाला लेक "अजून एक, अम्मी" म्हणायची आणि म्हातारी दात आवळून पाऊल टाकायची. दारात वडील उभे होते, एसटीच्या भोर आगारातून निवृत्त झालेले ड्रायव्हर. गल्लीत त्यांना सगळे चाचा म्हणत. चाचा माझ्याकडे पाहतच नव्हते. त्यांचे डोळे बायकोच्या पावलांवर होते.

कपाट पाहिलं, कुलूप शाबूत होतं, किल्ली खुंटीला. निघताना चाचा जीपपर्यंत आले आणि अदबीने म्हणाले, "साहेब, तपासाला येळ लागंल न्हवं? महिना तरी जाईलच?"

मला वाटलं टोमणा आहे. पोलिसांच्या ढिलाईवरचे टोमणे ऐकून आमची कातडी जाड झालेली असते. मी ठसक्यात म्हणालो, "दोन दिवसांत लावतो छडा." चाचांचा चेहरा पडला. जीप पुलावर आली तेव्हा माझी ट्यूब पेटली. आजवर माझा तपास उशिरा लागावा म्हणून देवाकडे मागणं मागणारे दोनच प्रकारचे लोक मी पाहिले होते, आरोपी आणि त्यांचे वकील, आणि चाचा काही वकील नव्हते.

सकाळी मी चाचांना बोलावणार, तोवर तेच ठाण्याच्या पायरीवर हजर. पुतण्याला पुन्हा बसवून ठेवू नका म्हणायला आले होते.

"त्यानं न्हाई घेतलं, साहेब."

"कशावरून?"

"मला ठावं हाय."

मी दार लोटून घेतलं, दोन चहा सांगितले. चौकशीचं एक तंत्र आहे. म्हाताऱ्या माणसाला गुन्ह्याबद्दल विचारू नये, त्याच्या नोकरीबद्दल विचारावं. चाचा खुलले. सुरुवातीची कितीतरी वर्षं रोजंदारीवर काढली होती. काम असेल त्या दिवशी हिर्डोशीची गाडी, नसेल त्या दिवशी घरी. मग पर्मनंटची ऑर्डर आली. त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले होते. पुढे बायकोच्या दुखण्यात महिना-महिना रजा टाकली, पण नोकरीला कुणी हात लावू शकलं नाही. "पर्मनंट म्हंजे पर्मनंट, साहेब. एकदा झालं की कुनाच्या बापाला काडता येत न्हाई. माजी लेक बी तितं पर्मनंट हाय. दोन महिनं उशिरा गेली तर काय बिगडतंय?"

हे बोलून ते थांबले. आपण काय बोलून गेलो ते त्यांच्या ध्यानात आलं होतं.  त्यांनी खिशातून प्लास्टिकचं पाकीट काढलं. एसटीच्या पासाच्या मागे ते कार्ड होतं, पुसून स्वच्छ ठेवलेलं. लेकीने सगळं घर धुंडाळलं होतं, पण घरच्या कर्त्या माणसाच्या खिशात हात कोण घालणार?

बायको चालायला लागली होती. लेक गेली की ती पुन्हा खाटेला खिळेल या भीतीने त्यांची झोप उडाली होती. लेकीला थोडे दिवस थांबवायचं, बायको स्वतःच्या पायावर उभी राहिली की कार्ड कपाटामागे सापडलं म्हणायचं, एवढाच बेत होता.

मी त्यांना सांगितलं की तिथलं पर्मनंट आपल्या एसटीसारखं नाही. तिथे राहाल तर ते राहतं. तिचे दिवस संपत आलेत. हे विमान चुकलं तर नात तिकडे आणि लेक इकडे.

चाचांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाले, "आसं आसंल तर त्याला पर्मनंट का म्हनत्यात?"

मी चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला.

लेकीला बोलावून घेतलं. मला वाटलं, आता ही बापाचा उद्धार करणार. कार्ड हातात घेऊन ती एवढंच म्हणाली, "अब्बा, मला नुसतं थांब म्हणायचं होतं."

"म्हनलो आसतो तर तू थांबली आसतीस," चाचा म्हणाले. "मग जावईबापू तुला बोलले आसते, का थांबलीस म्हनून. कार्डच हरवलं तर तुजा काय दोष?"

बाई खुर्चीत बसली आणि ओढणीत तोंड घालून रडली. मी खिडकीकडे गेलो. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, तरी बघत राहिलो. चोरी करताना ज्याची वस्तू चोरायची त्याच्यावर बोल येऊ नये म्हणून जपणारा चोर मला पुन्हा कधी भेटला नाही.

बाईने जबाब दिला की कार्ड घरातच मिळून आलं, कुणाविरुद्ध तक्रार नाही. चाचा त्यावर अडून बसले. मी घेतलं असं लिहा म्हणाले, पुतण्याचं नाव उगाच गावात खराब झालंय. स्टेशन डायरीत तसं लिहिण्याची गरज नव्हती, मी लिहिलं नाही. तेव्हा चाचा बाजारात गेले आणि भाजी भरणाऱ्या हमालांसमोर, सगळ्यांच्या देखत, पुतण्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, कार्ड म्या घेतलं हुतं. पंचांसमोर कबुली द्यायला लोक कचरतात, हा माणूस भरबाजारात देऊन आला. बाई ठरलेल्या विमानाने गेली.

लोकांचा खोटेपणा पकडणं हे पोलिसाचं काम. त्या कार्डाने मला शिकवलं की प्रत्येक लपवाछपवीच्या मागे लबाडीच असते असं नाही. कधी कधी माणसाचं इतकं प्रेम असतं की त्याला तोंडाने मागता येत नाही. आणि शब्दाचा अर्थ विचारल्याशिवाय जबाब घेऊ नये. समोरचा ‘पर्मनंट’ म्हणतो तेव्हा त्याच्या आयुष्यातलं पर्मनंट काय आहे ते आधी बघावं.

निवृत्तीनंतर एकदा भोरच्या स्टँडवर चाचा भेटले. बायको काठी घेऊन दारापर्यंत येते म्हणाले, व्यायाम आता ते स्वतः घेतात. मी लेकीची चौकशी केली. येते का?

"येती की," चाचा म्हणाले. "पन आता आमी तिला ऱ्हा म्हनत न्हाई, साहेब. दारात आली की आदी इचारतो, परत कदी निगनार?"