समुद्र न पाहिलेला

राजारामपुरीतल्या नेट कॅफेत तो माझ्या शेजारच्या कॉम्प्युटरवर बसायचा. वेबडिझाइनचा कोर्स केला मी; पण समुद्राच्या लाटांवर सर्फिंग करणाऱ्यांची वेबसाइट काढली यानं! रोज मालवणच्या एका कोळ्याला फोन लावून ओरडायचा, "आज लाट कशी हाय?" आणि ऐकलेलं तसंच्या तसं टाकायचा. गोव्यापर्यंतची पोरं ते वाचायची.

जळफळाट होऊन मी एकदा खोट्या नावानं तिथं लिहिलं, 'ही साइट चालवणाऱ्यानं समुद्रच पाहिलेला नाही.'

वाचून तो खदखदून हसला. माझं वाक्य त्यानं पहिल्या पानावर सगळ्यात वर लावलं आणि खाली लिहिलं, 'खरं हाय की. म्हणून तर विचारतोय. तुम्ही सांगा.'

सांगणाऱ्यांची रीघ लागली.

माझीही स्वतःची एक वेगळी साइट होती. तिच्यावर आजवर एकच अभिप्राय आला, 'लई भारी.' खाली त्याचं नाव.