दोरीमामांचे तळपाय

दोरीमामांच्या तळपायांबद्दल बेटावर वाटेल ते सांगितलं जायचं. म्हणे, पाण्याखाली काच लागली तर ती सरबताच्या बाटलीची की औषधाच्या, हे ते काच न बघताच सांगायचे. म्हणे, एका पाहुणीचं हरवलेलं कानातलं त्यांनी पायाच्या अंगठ्याने शोधून दिलं होतं. कानातल्याची गोष्ट तेवढी खरी. बाकीच्या थापा होत्या, पण मामांनी त्या कधी खोडून काढल्या नाहीत. बोलणं कमी, पण स्वतःच्या पायांची स्तुती निघाली की मामा हातातलं काम हळू करायचे.

बेटाच्या एका अंगाला पाणी उथळ आणि गरीब होतं. दोन वर्षांच्या पोरानेही न घाबरता बसावं इतकं. म्हणून लेकुरवाळी कुटुंबं बोटीने लांबून तिथेच यायची. त्या पाण्याची जबाबदारी मामांची. रोज ओहोटीला ते अनवाणी उतरायचे, कमरेला जाळीची पिशवी आणि हातात काठी. काठाला धरून एक फेरी, मग दोन हात पुढे सरकून दुसरी, असं छातीभर पाण्यापर्यंत. पाय उचलायचा नाही, वाळूवरून घसरवत न्यायचा. काच, गळ, पत्रा, धारेचा शिंपला, जे लागेल ते पिशवीत. खड्डा लागला तर ती जागा दोरीच्या बाहेर. शेवटी नारिंगी फुग्यांची दोरी बांधायची, यावरूनच ते दोरीमामा झाले, आणि खांबावर पांढरं कापड चढवायचं. पांढरं दिसलं की पोरांनी खुशाल डुंबावं. मनासारखं झालं नाही तर लाल. एकतीस वर्षांत पांढऱ्या कापडाखाली एकाही पोराच्या पायाला टाका पडला नव्हता.

किनाऱ्याच्या कचेरीने मध्यंतरी त्यांना रबरी बूट दिले. मामांनी ते खोक्यासकट कपाटावर टाकले. नवे साहेब चिडून म्हणाले, "बूट का घालत नाही?"

"बुटाला काय कळतंय, साहेब?"

साहेबांनी बूट दिल्याची नोंद वहीत केली आणि विषय तिथेच संपला.

आणि आता आठ महिने होत आले, मामांच्या तळपायांनाही काही कळत नव्हतं.

सुरुवात तशी हसण्यावारी गेली. एका सकाळी ते घरून निघाले आणि किनाऱ्यावर पोहोचले तेव्हा एकाच पायात चप्पल होती. दुसरी वाटेत कुठे सुटली याचा पत्ता नाही. किनाऱ्यावरच्या न्हाणीघराची देखभाल करणाऱ्या मावशींनी त्यांना दिवसभर पिडलं. मामाही हसले. मात्र महिन्याभराने ते कोणाला न सांगता पलीकडच्या शहरात डॉक्टरकडे गेले. रक्त तपासून डॉक्टर म्हणाले, शुगर बरीच जुनी दिसते. मग त्यांनी मामांना डोळे मिटायला लावले आणि म्हणाले, "तळव्याला दोरा लावतो. कळला की सांगा."

मामा अंधारात वाट बघत राहिले. मग म्हणाले, "कळला."

"आता?"

"हो, कळला."

डॉक्टरांनी दोरा टेबलावर ठेवला. मग हळूच म्हणाले, "मी अजून हात लावलेला नाही."

अनवाणी एक पाऊलही टाकायचं नाही, असं बजावून डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. गोळ्या मामांनी नेमाने घेतल्या. बाकीचं गिळून टाकलं. निवृत्तीला थोडे महिने राहिले होते. पाणी नितळ होतं, डोळे शाबूत होते, हातात काठी होती. मामा अर्धा तास लवकर उतरू लागले, डोळ्यांत तेल घालून तळ बघू लागले. आठ महिन्यांत काही झालं नाही, म्हणून त्यांनी स्वतःची समजूत घातली की काही होणार नाही. एकतीस वर्षं ज्या माणसाने डोळ्यांना दिसतं त्यावर कधी विश्वास ठेवला नव्हता, त्याने असं करावं, याचा मला आजही राग येतो. पण लेक येणार होती. लग्न होऊन बेट सोडल्यावर नऊ वर्षांनी ती पहिल्यांदा येणार होती, सहा वर्षांच्या पोरीला घेऊन. मामांची बायको तोवर गेलेली. नातीसाठी एकदा स्वतःच्या हाताने पांढरं कापड चढवायचं आणि तिचा हात धरून पाण्यात न्यायचं, एवढंच मामांच्या मनात होतं.

त्या सकाळी नात कंबरेला हवेची रिंग अडकवूनच पायरीवर बसली होती. मामा म्हणाले, "आधी मी बघतो. कापड दिसलं की आईला घेऊन ये."

त्यांनी सगळ्या फेऱ्या घातल्या. पिशवीत दोन शिंपले आणि एक गंजकं झाकण आलं. दोरी बांधली, पांढरं चढवलं. सुट्टीचा दिवस होता, बघता बघता वीस-पंचवीस पोरं पाण्यात शिरली. नात मात्र काठावरच थांबली. आजोबांबरोबरच जाणार, असा तिचा हट्ट. मामा खूश होऊन म्हणाले, "थांब, ही पिशवी ठेवून येतो." ते कोरड्या वाळूवरून न्हाणीघराकडे निघाले आणि नात त्यांच्या पावलांच्या ठशांत आपली पावलं टाकत मागे निघाली.

"आजोबा, तुमचा एक पाय लाल उमटतो."

मामांनी मागे बघितलं. एक ठसा साधा, एक लाल. असे ओळीने. त्यांनी न्हाणीघराच्या कट्ट्यावर बसून पाय वर घेतला. तळव्यात तपकिरी काच उभी रुतली होती, बोटाच्या पेराएवढी. ते तिच्यावर चालत आले होते.

मावशी धावत आल्या. "अगं बाई, वाटेवर लागली वाटतं. लोक कुठेही फोडतात बाटल्या."

तेवढं "हो" म्हटलं असतं तर सगळं निभावून गेलं असतं. मामांनी काच उपटली, मावशींनी दिलेला पंचा पायाला गुंडाळला आणि ते लंगडत आपल्या ठशांच्या उलट चालत गेले. शेवटचा ठसा पाण्याला लागून होता. तोही लाल होता.

काच पाण्यातली होती. कोणत्या फेरीतली, ते मामांना माहीत नव्हतं. उरलेली बाटली कुठे आहे, तेही नाही. पोरं तिथेच उड्या मारत होती.

मामांनी शिट्टी फुंकली, पांढरं उतरवलं, लाल चढवलं. आयाबापांनी पोरं बाहेर ओढली आणि भोवती कोंडाळं केलं. एक गृहस्थ वैतागून म्हणाले, "मामा, पाणी तर आरशासारखं आहे. झालं काय?"

मामांची लेक पोरीला कडेवर घेऊन पुढे आली होती. तिच्यासमोर बोलायचं मामांच्या जिवावर आलं. पण ते बोलले.

"आठ महिने झाले, माझ्या पायांना काही कळत नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मी लपवलं. आज पांढरं चढवलं ते नुसत्या अंदाजाने. हे पाणी मी बघितलेलं नाही."

आया आपापल्या पोरांचे तळपाय उलटे करून बघू लागल्या. ते बघणं मामांना शिव्यांपेक्षा जड गेलं. मान खाली घालून ते वाळूवरच बसले. लाजेने त्यांना लेकीकडे बघवेना.

लेकीने पोरीला मावशींकडे दिलं आणि बापाचा पाय मांडीवर घेऊन नीट बांधला. "दर आठवड्याला फोन करते मी. बरा आहे, बरा आहे, एवढंच ऐकते. एकदा सांगता आलं नाही, बाबा?"

"तू अशी पोरीला घेऊन आली नसतीस. मला दवाखान्यात नेलं असतंस."

"नेलंच असतं."

तिने चपला काढल्या, सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि जाळीची पिशवी कमरेला बांधली. लहानपणी बापाचा सदरा मागून धरून तिने या फेऱ्या कितीदा घातल्या होत्या.

"निदान ते बूट तरी घाल," मामा म्हणाले. "घरी कपाटावर आहेत. पाय कापेल तुझा."

"बुटाला काय कळतंय?" लेक म्हणाली. "माझ्या पायांना कळतं, बाबा. कळलं की थांबेन."

ती उतरली. मामा काठावरून काठीने दिशा दाखवत राहिले आणि सगळा किनारा उभा राहून बघत राहिला. पहिली फेरी, दुसरी, तिसरी. ती पाय न उचलता, अगदी त्यांच्यासारखीच सरकत होती. चौथ्या फेरीत ती थांबली, वाकली आणि बाटलीचा फुटका गळा तिने वर काढला. मग बूड. मग पुन्हा पुन्हा वाकून बारीक तुकडे. काठापासून फार तर आठ पावलं. तिथे पाणी सहा वर्षांच्या पोरीच्या कमरेइतकं होतं. नातीला घेऊन थांबायला मामांनी तीच जागा मनात धरली होती.

सगळ्या फेऱ्या संपायला दुपार झाली. लेक ओलीचिंब बाहेर आली आणि तिने बापाकडे बघितलं.

"तू चढव," मामा म्हणाले. "पाणी तू बघितलंस."

पांढरं कापड वर गेलं. पोरं पुन्हा पाण्यात पळाली. नात आईचा हात धरून गेली, जाताना दोनदा मागे वळून बघत. जखमेचा पाय घेऊन मामांना पाण्यात जाता येत नव्हतं. ते कोरड्या वाळूवर बसून राहिले.

थोड्या वेळाने नात ओंजळीत पाणी घेऊन पळत आली. निम्मं वाटेतच सांडलं होतं. उरलेलं तिने त्यांच्या धड पायावर ओतलं.

"गार लागलं, आजोबा?"

"लागलं" म्हणायला मामांचं तोंड उघडलं होतं. त्यांनी ते मिटलं.

"नाही गं. नाही कळलं."

नातीने विचार केला. मग आपला ओला तळहात तिने त्यांच्या पावलावर ठेवला. "इथे?"

"नाही."

घोट्यावर. "इथे?"

"नाही."

हात हळूहळू वर सरकत गेला. प्रत्येक ठिकाणी ती थांबून त्यांच्या तोंडाकडे बघायची आणि मामा खरं तेच सांगायचे. गुडघ्याखाली चार बोटांवर तिने हात टेकवला आणि मामांनी डोळे मिटून घेतले.

"इथे कळतंय," ते म्हणाले.