राणीच्या लाडक्याची कमान

ते पुस्तक मी इंजिनिअर साहेबांना द्यायला नको होतं. इतकी वर्षं झाली, राग अजून गेलेला नाही, आणि त्यातला निम्मा माझ्यावरच आहे.

जालन्याच्या रद्दीवाल्याकडे मिळालेलं ते एकोणिसाव्या शतकातल्या एका इंग्रज वास्तुविशारदाचं चरित्र होतं. हा गृहस्थ राणीच्या नवऱ्याला आवडला आणि त्याला पुढे कशाची ददात राहिली नाही. दालनं, तबेले, मनोरे, शेवटी 'सर' ही पदवी. एका राजपुत्राच्या दालनाचं छत दोनदा गळलं, तर चरित्रकाराने दोष पावसाला दिला होता. चारशे पानांत राजघराण्यातल्या कुत्र्यांची नावं होती, गवंड्याचं एकही नव्हतं. समासात पेन्सिलीने शिव्या लिहीत मी ते संपवलं.

मी तेव्हा टेंभुर्णीला मास्तर होतो. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता आणि शाळेला तीन दगडी खोल्या मंजूर झाल्या होत्या. तिसरी खोली पाचवीच्या वर्गाची. पाचवी तोवर लिंबाखाली बसायची. साहेबांनी माझ्या टेबलावरून पुस्तक मागून नेलं तेव्हा साहेब वाचतात याचंच मला कौतुक वाटलं. त्यांनी फक्त चित्रं पाहिली. उद्घाटनाला मंत्री येणार होते. दोन खोल्या उभ्या राहिल्या आणि साहेबांनी दगडकाम करणाऱ्या मिस्त्रींसमोर राजवाड्याच्या कमानी दरवाजाचं चित्र उघडलं. तिसऱ्या खोलीसाठी घडवून ठेवलेला दगड शाळेच्या दारात तशीच कमान आणि तिचे दोन बुरूज उभारण्यात गेला. मी तक्रार केली, तर म्हणाले, "गुरुजी, मोठा माणूस आधी दार बघतो."

मिस्त्री गावातलेच, घरी उर्दू बोलणारे, वडिलांच्या हाताखाली दगड घडवायला शिकलेले. आमच्याकडे घर पुरं झालं की मालक मिस्त्रीला टॉवेल-टोपी आणि नारळाचा आहेर करतो, मगच राहायला जातो. साहेबांना ही रीत मंडपात शोभेल असं वाटलं. मंत्र्यांचे हार झाले, साहेबांचे झाले, मग मिस्त्रींना पुढे बोलावलं. ते आले, पण हात मागेच ठेवले.

"घ्या हो, तुमचीच रीत आहे," साहेब म्हणाले.

"म्हणूनच न्हाई घेत, साहेब. घर पुरं झाल्याबिगर आहेर न्हाई. तिसरी खोली बांधू द्या, मंग द्या."

मंत्र्यांनी विचारलं, कोणती तिसरी खोली? ती दुसऱ्या टप्प्यात आहे, असं साहेबांनी सांगितलं. तो टप्पा तिथेच, त्या क्षणी जन्माला आला. मला सगळं ठाऊक होतं. स्वागताचं भाषण मीच लिहिलं होतं. मी पहिल्या रांगेत मांडीवर हात ठेवून बसून राहिलो आणि टाळ्या वाजल्या तेव्हा वाजवल्यासुद्धा.

साहेबांना बढती मिळाली. मिस्त्रींना साहेबांच्या खात्याचं काम पुन्हा मिळालं नाही. पुढच्या उन्हाळ्यात लिंबाला पान उरलं नाही, म्हणून मी पाचवी कमानीच्या सावलीत बसवली. सावली सरकली की पोरं बसायच्या पट्ट्या उचलून तिच्यामागे सरकत.

एके दिवशी मिस्त्री रस्त्यावरून जाताना थांबले, वर्गाकडे बघत राहिले. मला वाटलं, आता ऐकवणार.

"ती टॉवेल-टोपी हाय का, गुरुजी?"

शाळेच्या कपाटात आहे, मी म्हणालो.

"राहू द्या. काम बाकी हाय आपलं."